उडी झाली नाही, पैसे अडकले: स्कायडायव्हिंगच्या परताव्याबाबतचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

फेब्रुवारी २०१८मध्ये पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी मारली. त्याआधी २००४मध्ये त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली होती आणि २०११मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली होती. पण नऊवारीतल्या त्या उडीची चित्रफीत मोबाइलवर फिरली आणि स्कायडायव्हिंग हा शब्द महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. आता कळंबमधल्या माणसालाही फोनवरून उडीचे बुकिंग करता येते. उडी मात्र मांजरा नदीच्या काठी होत नाही. त्यासाठी धावपट्टी, विमान, प्रशिक्षक आणि हवाई खात्याच्या परवानग्या लागतात. म्हणून हरियाणातले नारनौल गाठावे लागते, किंवा उज्जैनला भरणाऱ्या स्कायडायव्हिंग महोत्सवाची वाट पाहावी लागते. पैसे आधी जातात, माणूस कितीतरी नंतर. मधल्या काळात बेत फिसकटला, की परताव्याचा वाद उभा राहतो.

या वादात ग्राहकाला सर्वांत जास्त नुकसान पोचवतात ते कट्ट्यावरचे सल्ले. ‘सही केली ना, मग विसर आता’ इथपासून ‘केस ठोक, लाखभर मिळतील’ इथपर्यंत. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. आपल्या भागात हा प्रश्न उडीपुरता मर्यादितही नाही. लातूरला क्लासची वर्षाची फी एकरकमी भरून मुलाला दोन महिन्यांत परत आणणाऱ्या पालकासमोर नेमका हाच पेच असतो, रक्कम तेवढी मोठी असते. म्हणून एकेक समजूत तपासून पाहायला हवी.

“पावतीवर ‘नो रिफंड’ छापलेले असेल, तर विषय संपला.”

ही समजूत सर्वांत घट्ट बसलेली आहे आणि ती उगाच बसलेली नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी बघतच आपल्या पिढ्या वाढल्या. शिवाय सही केली की शब्द पाळायचा, ही शिकवण चांगलीच आहे; कराराचा कायदाही तिच्यावरच उभा आहे. पण त्याच कायद्याने तिला मर्यादा घातली आहे. भारतीय करार कायदा १८७२चा. त्याचे कलम ७४ सांगते, की करार मोडल्याबद्दल दंडाची किंवा भरपाईची रक्कम आधी लिहून ठेवली असली, तरी ती वरची मर्यादा ठरते. प्रत्यक्षात वाजवी भरपाईच घेता येते. २०१५मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ स्पष्ट केला: समोरच्याचे काही नुकसानच झाले नसेल, तर आगाऊ रक्कम जप्त करून ठेवता येत नाही.

याचा उडीच्या बुकिंगला अर्थ काय? ग्राहकाने तीन आठवडे आधी कळवले आणि संस्थेने ती जागा दुसऱ्याला विकली, तर संस्थेचे नुकसान जवळपास शून्य. तिथे पूर्ण पैसे ठेवून घेण्याला आधार नाही. पण आदल्या रात्री दहा वाजता ‘येत नाही’ असे कळवले, तर विमानातली ती जागा रिकामी जाते, प्रशिक्षकाचा दिवस वाया जातो आणि नुकसान खरे असते. तेव्हा मोठी कपात वाजवी ठरू शकते. प्रश्न छापील ओळीचा नाही, झालेल्या नुकसानाचा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणखी पुढे जातो. सेवेत कमतरता असताना ती सेवा मागे घेऊन पैसे परत करायला नकार देणे, ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत पैसे परत करायचे असतात. नुकसानाच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार ‘अनुचित करार’ या व्याख्येत बसतो. इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. करारच अनुचित आहे अशी तक्रार राज्य किंवा राष्ट्रीय आयोगासमोरच करता येते, जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. त्यामुळे छोट्या रकमेच्या तक्रारीत ‘करार अनुचित’ यापेक्षा ‘सेवेत कमतरता आणि अनुचित व्यापारी प्रथा’ हा मुद्दा पुढे ठेवणे शहाणपणाचे. कोचिंग क्लासच्या बाबतीत हे आधीच घडले आहे. फिटजीच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने २०११मध्येच फी परत न करण्याची एकतर्फी अट मान्य केली नव्हती.

“हवा बिघडली हा संस्थेचा दोष नाही, म्हणून पैसे मागता येत नाहीत.”

यातला पहिला भाग अगदी खरा आहे, म्हणूनच दुसराही खरा वाटतो. स्कायडायव्हिंगमध्ये हवामानाला शेवटचा शब्द असतो. टँडम उडीत ग्राहक प्रशिक्षकाला पट्ट्यांनी जोडलेला असतो. साधारण दहा ते तेरा हजार फुटांवरून दोघे बाहेर पडतात, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने पाऊण ते एक मिनिट खाली येतात आणि पाच हजार फुटांच्या आगेमागे छत्री उघडते. खाली ढगांचा थर असेल किंवा जमिनीवर वारा जोराचा असेल, तर विमान न उडवणारा प्रशिक्षक ग्राहकाचा जीव वाचवत असतो. त्याच्यावर राग धरणे अन्यायाचे आहे.

पण दोष नसणे आणि पैसे ठेवून घेण्याचा हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा २०११चा इंटरग्लोब एव्हिएशनचा निकाल इथे उपयोगी पडतो. धुक्यामुळे दिल्ली-हैदराबाद विमानाला झालेल्या उशिराचे ते प्रकरण. न्यायालयाने सांगितले, की धुक्यामुळे झालेला उशीर ही सेवेतली कमतरता नाही, त्यामुळे भरपाई नाही. मात्र त्या कंपनीने प्रवाशांना पैसे परत घ्या, दुसऱ्या विमानाने जा किंवा थांबा असे पर्याय दिले होते, हेही त्या प्रकरणात होते. कोविडच्या टाळेबंदीतल्या रद्द विमानतिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी परताव्याची चौकट घालून दिली, तेव्हाही विमान कंपन्यांचा दोष कोणी काढला नव्हता. सेवा दिली गेली नाही, एवढे पुरेसे होते. करार कायद्याच्या कलम ६५मागेही हाच विचार आहे: करार पार पाडणे अशक्य होऊन तो रद्द ठरला, तर घेतलेला लाभ परत करायचा.

तेव्हा हवामानामुळे उडी रद्द झाली, तर मनस्ताप आणि प्रवासखर्चाची भरपाई मागणे बहुतेक वेळा टिकणार नाही. कळंबहून उज्जैनला जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्यानेच सोसायचा. संस्थेने वाजवी मुदतीत पुढची तारीख दिली असेल आणि अटींत तसे आधी लिहिलेले असेल, तर लगेच पूर्ण परतावा मागणेही कमकुवत ठरेल. पण तारीख द्यायची नाही, दिली तरी पुन्हा पुन्हा ढकलायची आणि शेवटी ‘कूपनची मुदत संपली’ म्हणायचे, हे हवामानाच्या नावाखाली चालत नाही. त्या महिन्यांत तीच संस्था इतरांना उड्या मारायला नेत असेल, तर आभाळ स्वच्छ होते याचा पुरावा तिच्याच जाहिरातीत सापडतो.

“धोक्याच्या फॉर्मवर सही केली, म्हणजे सगळे हक्क सोडले.”

उडीच्या आधी हातात पडणारा तो कागद घाबरवणारा असतो. मृत्यू, अपंगत्व, वारस असे शब्द असलेल्या कागदाखाली सही केली, की माणसाला वाटते आता कशावरच बोलायची सोय नाही. त्या कागदाचा विषय मात्र वेगळा आहे. उडीत उपजतच असलेला धोका मला माहीत आहे आणि तो मी स्वीकारतो, एवढे तो सांगतो. पाय मुरगळणे हा धोका आहे. पैसे घेऊन उडीच न देणे हा धोका नाही, तो व्यवहारातला प्रश्न आहे. राखीव छत्री वेळेवर न तपासणे, अपात्र प्रशिक्षक नेमणे हेही उपजत धोक्यात मोडत नाही. तो निष्काळजीपणा आहे. या क्रीडाप्रकारांत नियम आहेतच: केंद्र सरकारचे राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जून २०२२मध्ये आले आणि महाराष्ट्राने २०२१मध्ये साहसी पर्यटन धोरण आणून आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक केली. पैसे भरण्याआधी नोंदणी क्रमांक विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तो सांगायला टाळाटाळ झाली, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

“उडी मारलीच नाही, म्हणजे सगळे पैसे परत मिळायलाच हवेत.”

ही ग्राहकाच्या बाजूची चूक आहे आणि तीही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. बारा हजार फुटांवर विमानाचे दार उघडल्यावर धीर सुटणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दबाव न आणता ग्राहकाला विमानातूनच खाली आणणे हे चांगल्या प्रशिक्षकाचे कामच आहे. पण तोवर विमान उडालेले असते, इंधन जळलेले असते, प्रशिक्षकाची वेळ दिलेली असते. देण्यासारखी सेवा देऊन झालेली असते. वजनाची मर्यादा आधी सांगितलेली असताना खरे वजन लपवले, किंवा हृदयविकार, पाठीचे ऑपरेशन अशी माहिती दडवली आणि धावपट्टीवर ते उघड झाले, तरी तेच. आयोगासमोर असा दावा उभा राहणे कठीण.

“स्कूल म्हटले की ते शिक्षण, ग्राहक कायदा लागू होत नाही.”

ही समजूत निकालांच्या अर्धवट वाचनातून आलेली आहे. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत असे निकाल आहेत. राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२०मध्ये मनू सोलंकी प्रकरणात तसेच म्हटले आणि व्यावसायिक अभ्यासक्रम, सहली, पोहणे, खेळ हेही त्यात घातले. संस्थांचे वकील हा निकाल पुढे करतात, त्यामुळे तो माहीत असलेला बरा. पण त्याच निकालाने कोचिंग संस्थांना वगळले, म्हणजे त्यांच्याविरुद्ध तक्रार करता येते असे ठरवले. शिवाय निकालातले खेळ आणि सहली हे शिक्षणसंस्थेने आपल्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेले उपक्रम आहेत. ज्या संस्थेला विद्यापीठाची किंवा मंडळाची संलग्नता नाही, जी रविवारी पैसे घेऊन उडी घडवते, तिने नावात ‘स्कूल’ किंवा ‘अकादमी’ लावल्याने ती शाळा होत नाही. एकच टँडम उडी विकत घेणारा तर विद्यार्थीही नसतो. एकट्याने उडी मारण्याचे टप्प्याटप्प्याचे प्रशिक्षण घेणाऱ्याबाबत वाद होऊ शकतो. तिथे कोचिंगच्या निकालांचा आधार घ्यावा.

क्लासच्या फीबाबत आणखी एक गोष्ट पालकांना माहीत असायला हवी. जानेवारी २०२४मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरून मध्येच क्लास सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असे त्यात आहे. या सूचना आहेत, त्यांची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे. पण आयोगासमोर वाजवीपणा दाखवायला हा मजबूत आधार आहे.

“वाद त्यांच्या गावीच चालणार, दिल्ली-हरियाणाला खेटे घालायचे का?”

बहुतेक पावत्यांवर ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ असे छापलेले असते आणि १९८६च्या जुन्या कायद्यात तक्रार प्रामुख्याने समोरच्या पक्षाच्या ठिकाणी किंवा जिथे घटना घडली तिथे करावी लागे. म्हणून जुन्या माणसांचा हा सल्ला त्यांच्या काळात बरोबर होता. २० जुलै २०२०पासून नवा कायदा लागू झाला आणि चित्र बदलले. कलम ३४नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कळंबच्या ग्राहकासाठी तो धाराशिवचा आयोग. छापील न्यायकक्षेच्या ओळीबद्दल वर आलेल्या धुक्याच्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की अशी अट नेहमीच्या न्यायालयांपुरती असते. कायद्याने खास उभारलेल्या यंत्रणेचा अधिकार तिने जात नाही. लवादाच्या अटीचेही तसेच. एमार एमजीएफ प्रकरणात डिसेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही.

“बुकिंग वेबसाइटवरून केले, ती म्हणते आम्ही फक्त मध्यस्थ.”

मध्यस्थाचे हे उत्तर ऐकायला रास्त वाटते, कारण उडी खरोखरच दुसरा कोणी देणार असतो. पण मध्यस्थावरही जबाबदाऱ्या आहेत. ई-कॉमर्स नियम २०२०नुसार विक्रेत्याची माहिती दाखवणे, तक्रार निवारण अधिकारी नेमणे, त्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणे बंधनकारक आहे. आणखी एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते: स्वतः ऑर्डर रद्द केल्यावर कंपनी तसाच आकार सोसत नसेल, तर ती ग्राहकाकडून रद्द करण्याचा आकार घेऊ शकत नाही.

मध्यस्थी कुठवर जाऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. जॉर्जिया राज्यातल्या स्कायराइड या कंपनीशी जोडलेल्या वेबसाइट देशभरातल्या उड्यांची प्रमाणपत्रे विकत. ॲरिझोनातल्या एलॉय इथल्या स्कायडाइव्ह ॲरिझोना या नामांकित केंद्राशी आपला संबंध आहे, असा समज त्या करून देत. लोक प्रमाणपत्र घेऊन एलॉयला पोचत आणि तिथे कळे, की ते इथे चालत नाही. राग मात्र निघायचा त्या केंद्रावर. शेवटी केंद्रानेच खटला भरला. ज्युरीने सुमारे ६६ लाख डॉलर मंजूर केले आणि २०१२मध्ये अपील न्यायालयाने ते उचलून धरले. भरपाई वाढवून दुप्पट करण्याचा भाग तेवढा काढून टाकला. यातून घ्यायचे ते एवढेच: पैसे भरण्याआधी जिथे उडी होणार त्या केंद्राला स्वतः फोन करावा आणि हे कूपन तुमच्याकडे चालते का, ते विचारावे.

“पोलिसांत तक्रार केली, की पैसे लगेच निघतात.”

कधीकधी निघतातही, म्हणून ही समजूत टिकून आहे. पण पैसे परत न देणे हा दरवेळी गुन्हा नसतो. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी, आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८साठी, पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू असावा लागतो. संस्था खरी आहे, विमान खरे आहे आणि वाद कपातीचा आहे, तर ते ग्राहक आयोगाचे काम. संस्थाच खोटी निघाली, वेबसाइट गायब झाली, फोन बंद झाला, तर मात्र एक तासही न दवडता १९३० या सायबर क्रमांकावर कळवावे. तिथे वेळेला किंमत आहे, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधीच थोपवता येतात.

“पंचवीस-तीस हजारांसाठी कोर्टात जाणे परवडत नाही.”

वकिलाची फी, तारखा, रजा हे सगळे डोळ्यांसमोर येते. दिवाणी दाव्यांचा अनुभव घेतलेल्या घरांत तर ही भीती साहजिकच आहे. ग्राहक आयोगाचे गणित वेगळे आहे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला फीच नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते आणि सुनावणी दूरदृश्य प्रणालीने व्हावी असा अर्ज करता येतो. आदेश पाळला नाही, तर कलम ७२नुसार महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. संस्थेला अपील करायचे, तर ४५ दिवसांत आणि आदेशातली निम्मी रक्कम भरून करावे लागते. कायद्यात लिहिलेली तीन महिन्यांची मुदत मात्र बऱ्याचदा पाळली जात नाही, हे मान्यच करायला हवे. आणि लाखांची भरपाई हे स्वप्न सोडून द्यावे. मूळ रक्कम, त्यावर व्याज, थोडा खर्च आणि मनस्तापाची माफक रक्कम, एवढीच अपेक्षा धरावी.

बऱ्याच वादांना तिथवर जावे लागत नाही. आधी संस्थेला ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टाने लेखी मागणी करावी: बुकिंगची तारीख, भरलेली रक्कम, काय ठरले होते, काय झाले आणि किती दिवसांत किती पैसे हवेत. फोनवरच्या गोड बोलण्यावर विसंबू नये. फोन झाला तरी त्यात ठरलेले लगेच लिहून पाठवावे. पावती, यूपीआयचा संदर्भ क्रमांक, व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि त्या दिवशीची जाहिरात जपून ठेवावी. कार्डाने पैसे भरले असतील, तर बँकेकडे वेळेत हरकत नोंदवावी. उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथेही सुटले नाही, तर आयोग. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी. उशीर झाला, तर त्याचे समाधानकारक कारण आयोगाला पटवून द्यावे लागते. म्हणून ‘पुढच्या सीझनला बघू’ हे उत्तर दुसऱ्यांदा आले, की त्याच दिवशी लेखी मागणी पाठवावी.